प्रतिनिधी परत बोलावण्याचा अधिकार : राज्यांचे कायदे आणि त्यांचा अनुभव

लोकप्रतिनिधी हा मतदारांचा विश्वस्त होय. त्याला दिलेली सत्ता ठरावीक मुदतीची असते आणि ती मुदत संपल्यावर त्याने पुन्हा मतदारांपुढे उभे राहावे, हा प्रातिनिधिक लोकशाहीचा सर्वमान्य नियम आहे. परंतु मुदत संपण्यापूर्वीच विश्वास उडाला तर काय करावयाचे? पुढील निवडणुकीची वाट पाहावयाची, की मध्येच त्याला पदावरून दूर करण्याची सोय कायद्याने मतदारांना द्यावयाची? या प्रश्नाचे उत्तर म्हणून जी तरतूद जगातील काही राज्यांच्या कायद्यांत करण्यात आली, तिला 'प्रत्यावाहन' असे म्हणतात. सोप्या शब्दांत सांगावयाचे तर, निवडून दिलेला प्रतिनिधी परत बोलावण्याचा हा अधिकार आहे.

हा अधिकार अन्य काही तरतुदींपासून वेगळा आहे. एखादा प्रतिनिधी कायद्याने अपात्र ठरतो, तेव्हा तो निर्णय सक्षम अधिकारी किंवा न्यायालय देते. गैरवर्तनाबद्दल पदावरून दूर करताना चौकशी होते आणि दोष सिद्ध व्हावा लागतो. अविश्वासाच्या ठरावात सभागृहातील सदस्य मत देतात. प्रत्यावाहनात मात्र शेवटचा शब्द मतदारांचा असतो. हा अधिकार असावा की नसावा, यावर बरीच चर्चा होते. परंतु तो प्रत्यक्षात कसा वापरला जाईल, हे त्याची सुरुवात कोणी करावयाची, निर्णय कोणी द्यावयाचा आणि मध्ये किती काळ जाऊ द्यावयाचा, या तीन तपशिलांवर ठरते. ते कसे, हे काही राज्यांच्या अनुभवावरून पाहणे उद्बोधक ठरेल.

उगम अमेरिकेतील राज्यांत

या तरतुदीचा आधुनिक इतिहास अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सुरू होतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियाच्या राजकारणावर सदर्न पॅसिफिक या रेल्वे कंपनीचा मोठा पगडा होता. निवडून आलेले प्रतिनिधी मतदारांपेक्षा धनिक कंपन्यांचे हित पाहतात, अशी भावना सर्वत्र बळावली होती. या परिस्थितीत लॉस एंजलिस शहरातील एक डॉक्टर, जॉन रँडॉल्फ हेन्स, यांनी प्रत्यावाहनाचा आग्रह धरला. १९०३ मध्ये त्या शहराच्या सनदेत ही तरतूद समाविष्ट झाली आणि पुढच्याच वर्षी तेथील एका नगरसेवकाला मतदारांनी परत बोलावले. १९०८ मध्ये ऑरेगन राज्याने व १९११ मध्ये, हायरम जॉन्सन गव्हर्नर असताना, कॅलिफोर्निया राज्याने आपल्या राज्यघटनेत हा अधिकार अंतर्भूत केला.

ॲरिझोनाची हकीकत तर मोठी बोलकी आहे. त्या प्रदेशाने राज्याचा दर्जा मागताना तयार केलेल्या घटनेत न्यायाधीशांनाही परत बोलावण्याची तरतूद होती. राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांनी १९११ मध्ये त्यास नकार दिला. लोकक्षोभाच्या भीतीखाली न्याय देता येत नाही, असे त्यांचे मत होते. ॲरिझोनाने ती तरतूद वगळली आणि फेब्रुवारी १९१२ मध्ये राज्याचा दर्जा मिळविला. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये तेथील मतदारांनी घटनादुरुस्ती करून तीच तरतूद पुन्हा घातली!

आज अमेरिकेतील सुमारे १९ राज्यांत राज्यपातळीवरील अधिकाऱ्यांना परत बोलावण्याची सोय आहे आणि त्याहून अधिक राज्यांत स्थानिक संस्थांच्या प्रतिनिधींना ती लागू आहे. त्या देशाच्या संघराज्यीय घटनेत मात्र अशी तरतूद नाही. राष्ट्राध्यक्ष किंवा केंद्रीय विधिमंडळाचे सदस्य यांना मतदार परत बोलावू शकत नाहीत. हा सर्वस्वी राज्यांच्या कायद्याचा विषय आहे.

कॅलिफोर्नियातील कार्यपद्धती

कॅलिफोर्नियात या कार्यवाहीची सुरुवात मतदारच करतात. ज्यांना एखाद्या अधिकाऱ्यास परत बोलवावयाचे आहे ते प्रथम आपल्या हेतूची लेखी सूचना देतात. तीत २०० शब्दांपर्यंत कारणे नमूद करावी लागतात. संबंधित अधिकाऱ्यासही तितक्याच शब्दांत उत्तर देण्याची संधी मिळते. कारणे पुरेशी आहेत की नाहीत, याचा निवाडा न्यायालय करीत नाही. तो मतदारांवर सोपविलेला आहे.

यानंतर स्वाक्षऱ्या गोळा करण्यात येतात. गव्हर्नरच्या बाबतीत त्या पदाच्या मागील निवडणुकीत झालेल्या एकूण मतदानाच्या १२ टक्के इतक्या स्वाक्षऱ्या लागतात. शिवाय किमान ५ काउंट्यांपैकी प्रत्येकीतून त्या काउंटीतील मतदानाच्या किमान १ टक्का स्वाक्षऱ्या असाव्या लागतात, जेणेकरून एकाच शहराचा रोष साऱ्या राज्यावर लादला जाऊ नये. राज्य विधिमंडळाचे सदस्य व न्यायाधीश यांच्यासाठी हे प्रमाण २० टक्के आहे. राज्यपातळीवरील मोहिमेसाठी १६० दिवसांची मुदत असते. निवडणूक अधिकारी स्वाक्षऱ्यांची पडताळणी करतात आणि संख्या पुरेशी भरल्यास मतदान घेण्यात येते.

स्थानिक संस्थांसाठी असलेला नियम आपल्याकडील पंचायत सदस्यांनी विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. तेथे स्वाक्षऱ्यांचे प्रमाण नोंदणीकृत मतदारांच्या संख्येनुसार बदलते. मतदार १,००० पेक्षा कमी असतील तर ३० टक्के. १,००० ते १०,००० च्या आत २५ टक्के. १०,००० ते ५०,००० च्या आत २० टक्के. ५०,००० ते १,००,००० च्या आत १५ टक्के. आणि त्याहून मोठ्या क्षेत्रात १० टक्के. क्षेत्र जितके लहान, तितके प्रमाण अधिक. लहान गावात दोन-चार घराण्यांनी मनावर घेतले तरी शे-दीडशे स्वाक्षऱ्या सहज जमतात, हे ध्यानात घेतले म्हणजे या चढत्या प्रमाणाचे मर्म कळते. यासोबतच, स्थानिक अधिकाऱ्याने पदभार घेतल्यापासून ९० दिवसांच्या आत, तसेच त्याच्या मुदतीचे ६ महिने किंवा त्याहून कमी उरले असताना, ही कार्यवाही सुरू करता येत नाही.

दोन गव्हर्नर, दोन निकाल

या तरतुदीची खरी कसोटी दोन प्रसंगी लागली. २००२ च्या नोव्हेंबरमध्ये ग्रे डेव्हिस हे दुसऱ्यांदा गव्हर्नर म्हणून निवडून आले. वीजटंचाई, अंदाजपत्रकातील मोठी तूट आणि वाहनकरातील वाढ यांमुळे असंतोष वाढत गेला व काही महिन्यांतच त्यांच्याविरुद्ध मोहीम सुरू झाली. ८,९७,१५८ स्वाक्षऱ्यांची गरज होती. त्याहून कितीतरी अधिक जमल्या. ७ ऑक्टोबर २००३ रोजी मतदान झाले. मतपत्रिकेवर दोन प्रश्न होते. पहिला, गव्हर्नरांना परत बोलवावे काय? दुसरा, बोलवावयाचे झाल्यास त्यांच्या जागी कोण? दुसऱ्या प्रश्नाखाली १३५ उमेदवारांची नावे होती. सुमारे ५५ टक्के मतदारांनी परत बोलावण्याच्या बाजूने कौल दिला आणि चित्रपट अभिनेते अर्नोल्ड श्वार्झनेगर गव्हर्नर झाले.

दुसरा प्रसंग गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांचा. कोविडच्या साथीमुळे न्यायालयाने स्वाक्षऱ्या गोळा करण्याची मुदत वाढवून दिली. १४,९५,७०९ स्वाक्षऱ्यांची अट पूर्ण झाली आणि १४ सप्टेंबर २०२१ रोजी मतदान झाले. जवळजवळ ६२ टक्के मतदारांनी त्यांना परत बोलावण्यास नकार दिला. या एका मतदानावर शासनाचे सुमारे २० कोटी डॉलर खर्ची पडले.

या दोन प्रसंगांनी पद्धतीतील दोष उघडे केले. एक असा की, पदावरील व्यक्तीला टिकण्यासाठी निम्मी मते लागतात; तिच्या जागी येणाऱ्याला मात्र इतर उमेदवारांपेक्षा एक मत अधिक पुरेसे होते. ४९ टक्के लोकांना हवा असलेला अधिकारी जावा आणि २० टक्के मते मिळविणारा त्याच्या जागी यावा, असे घडणे कायद्याने शक्य आहे. २००३ मध्ये हा प्रसंग आला नाही. विजयी उमेदवाराला मिळालेली ४२ लाख मते डेव्हिस यांच्या बाजूने पडलेल्या सुमारे ४० लाख मतांपेक्षा अधिक होती. तथापि धोका दिसून आला. स्थानिक संस्थांपुरती कॅलिफोर्नियाने २०२२ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली. आता तेथे स्थानिक मतपत्रिकेवर केवळ परत बोलावण्याचा प्रश्न असतो व रिक्त पद नेहमीच्या नियमांनुसार भरले जाते.

दुसरा दोष पैशाचा. स्वाक्षऱ्या गोळा करण्यासाठी पगारी माणसे नेमण्यास त्या राज्यात मनाई नाही. त्यामुळे ज्याच्यापाशी पैसा आहे त्याला मोहीम उभी करणे सोपे जाते. कंपन्यांचे वर्चस्व मोडण्यासाठी जे साधन निर्माण झाले, तेच धनिकांच्या हाती जाण्याचा संभव निर्माण व्हावा, हा या इतिहासातील मोठा विरोधाभास म्हणावा लागेल.

कारण सिद्ध करावे लागते काय?

सर्व राज्यांनी कॅलिफोर्नियाचा मार्ग पत्करलेला नाही. वॉशिंग्टन व मिनेसोटा या राज्यांत गैरवर्तन, कर्तव्यात कसूर अशा विवक्षित कारणांवरूनच प्रतिनिधी परत बोलावता येतो आणि आरोप कायद्याच्या कसोटीवर प्रथमदर्शनी टिकतो की नाही, याची छाननी न्यायव्यवस्थेमार्फत होते. या छाननीत निराधार मोहिमा गळून पडतात. मात्र धोरणाविषयीच्या असंतोषाला तेथे वाव राहत नाही.

विस्कॉन्सिनने तिसरा मार्ग स्वीकारला. तेथे पदावर एक वर्ष पूर्ण झाल्यावरच अर्ज करता येतो. ६० दिवसांत मागील गव्हर्नर-निवडणुकीतील मतदानाच्या २५ टक्के स्वाक्षऱ्या लागतात. आणि पदावरील व्यक्ती नव्या निवडणुकीत स्वतः उमेदवार असू शकते. ५ जून २०१२ रोजी गव्हर्नर स्कॉट वॉकर अशा निवडणुकीला सामोरे गेले व सुमारे ५३ टक्के मते मिळवून पदावर कायम राहिले. म्हणजे मतदारांपुढे कौल येणे याचा अर्थ प्रतिनिधी जाणारच असा होत नाही. कित्येकदा त्याला नव्याने जनादेश मिळतो.

भारतातील वाटचाल

भारतीय संविधानात संसद किंवा विधानसभा यांच्या सदस्यांना परत बोलावण्याची तरतूद नाही. १९७४ च्या आंदोलनाच्या काळात जयप्रकाश नारायण यांनी या अधिकाराची मागणी देशभर नेली. त्याच वर्षी लोकसभेत सी. के. चंद्रप्पन यांनी या विषयावर घटनादुरुस्तीचे अशासकीय विधेयक मांडले; ते संमत झाले नाही.

स्थानिक स्वराज्य संस्थांची गोष्ट वेगळी आहे. स्थानिक शासन हा राज्यसूचीतील विषय असून, ग्रामपंचायतीच्या प्रमुखाची निवड कोणत्या रीतीने व्हावी, हे ठरविण्याचा अधिकार संविधानाने राज्य विधानमंडळाला दिला आहे. त्यामुळे आपल्या देशात प्रत्यावाहनाचे प्रयोग झाले ते नगरपालिका व ग्रामपंचायती यांच्या पातळीवर.

मध्य प्रदेशाने नगरपालिकेच्या थेट निवडून आलेल्या अध्यक्षासाठी आपल्या १९६१ च्या नगरपालिका अधिनियमाच्या कलम ४७ मध्ये अशी तरतूद केली. तिची रीत कॅलिफोर्नियापेक्षा निराळी होती. सुरुवात मतदारांनी नव्हे, तर निवडून आलेल्या नगरसेवकांपैकी किमान तीन-चतुर्थांश जणांनी करावयाची. त्यांच्या स्वाक्षरीचा प्रस्ताव जिल्हाधिकाऱ्यांकडे जाई. त्यांनी पडताळणी केल्यावर तो राज्य शासनाकडे व तेथून राज्य निवडणूक आयोगाकडे पाठविला जाई. नंतर शहरातील मतदार गुप्त मतदानाने निर्णय देत. अध्यक्षाने पद धारण केल्यापासून दोन वर्षांच्या आत प्रस्ताव आणता येत नसे व एका कार्यकाळात ही कार्यवाही एकदाच करता येई. मतपत्रिकेवर दोन चिन्हे असत : भरलेली खुर्ची आणि रिकामी खुर्ची. अक्षरओळख नसलेल्या मतदारालाही प्रश्न एका दृष्टिक्षेपात कळावा, ही त्यामागील कल्पना खरोखर अनुकरणीय आहे.

२००० मध्ये छत्तीसगड राज्य निर्माण झाले तेव्हा हाच कायदा तेथे चालू राहिला. २००८ च्या जूनमध्ये नवागढ, गुंडरदेही व राजपूर या तीन नगरांतील मतदारांनी आपल्या अध्यक्षांना परत बोलावले. या दोन्ही राज्यांत अध्यक्षांच्या थेट निवडीची पद्धत पुढे वेळोवेळी बदलत गेली. ज्या पदाची निवड मतदार थेट करीत नाहीत, त्या पदावरून परत बोलावण्याचा हक्कही मतदारांकडे उरत नाही, हे या बदलांतून स्पष्ट झाले. थेट निवड आणि प्रत्यावाहन या एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत.

महाराष्ट्रातील सरपंच आणि ग्रामसभेचा कौल

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ मध्ये 'प्रत्यावाहन' हा शब्द नाही. तथापि कलम ३५ मधील अविश्वासाच्या ठरावाला ग्रामसभेच्या कौलाची जोड मिळाल्यामुळे ती तरतूद प्रत्यावाहनाच्या बरीच जवळ आली आहे. २०१७ मध्ये राज्याने सरपंचाची थेट मतदारांतून निवड करण्याची पद्धत आणली. २०२० मध्ये ती बंद झाली व २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाली. जो सरपंच संपूर्ण गावाने निवडला, त्याला केवळ पंचायत सदस्यांनी दूर करणे उचित ठरले नसते. म्हणून थेट निवडलेल्या सरपंचासाठी दोन टप्प्यांची पद्धत ठरविण्यात आली.

पहिला टप्पा पंचायतीचा. सभेत बसण्याचा व मतदान करण्याचा हक्क असलेल्या एकूण सदस्यांपैकी किमान दोन-तृतीयांश सदस्यांनी तहसीलदारांकडे विहित नमुन्यात नोटीस द्यावी लागते. नोटीस मिळाल्यापासून सात दिवसांच्या आत तहसीलदार विशेष सभा बोलावतात व तेच अध्यक्षस्थानी असतात. ज्याच्याविरुद्ध ठराव आहे त्यालाही सभेत बोलण्याचा व मत देण्याचा अधिकार आहे. ठराव किमान तीन-चतुर्थांश बहुमताने संमत व्हावा लागतो. हे प्रमाण उपस्थित सदस्यांचे नसून मतदानाचा हक्क असलेल्या एकूण सदस्यांचे आहे, हे विसरता कामा नये. उदाहरणार्थ, असे सदस्य १२ असतील तर नोटिशीवर किमान ८ स्वाक्षऱ्या आणि ठरावाच्या बाजूने किमान ९ मते आवश्यक ठरतात.

दुसरा टप्पा ग्रामसभेचा. संमत झालेला ठराव विशेष ग्रामसभेपुढे जातो. जिल्हाधिकाऱ्यांनी नेमलेला अधिकारी तिचे अध्यक्षस्थान भूषवितो आणि ग्रामसभा गुप्त मतदानाने ठरावाला मान्यता देते किंवा तो नाकारते. हा कौल ठरावाच्या बाजूने पडला तरच सरपंचाचे अधिकार संपुष्टात येतात. निवडणुकीपासून पहिली दोन वर्षे, तसेच पंचायतीची मुदत संपण्यापूर्वीचे सहा महिने, असा ठराव आणता येत नाही. आणि ठराव फेटाळला गेल्यास पुढील दोन वर्षे तो पुन्हा मांडता येत नाही.

ही तरतूद आणि कलम ३९ यांची गल्लत अनेकदा होते. कर्तव्य बजावताना गैरवर्तन, लज्जास्पद वर्तन किंवा कर्तव्यपालनात हयगय अशा कारणांवरून कलम ३९ खाली पदावरून दूर करण्याची कारवाई होते. तेथे चौकशी व पुरावा लागतो. कलम ३५ खाली दोष सिद्ध करावा लागत नाही. विश्वास राहिला आहे की नाही, एवढाच प्रश्न असतो. अपहाराची तक्रार असेल तर तिचा योग्य मार्ग चौकशी हा आहे. केवळ अविश्वासाचा ठराव संमत झाल्याने अपहाराची रक्कम वसूल होत नाही, आणि तो फेटाळला गेल्याने कोणी निर्दोषही ठरत नाही.

स्थैर्य आणि उत्तरदायित्व

या सर्व उदाहरणांवरून काही निष्कर्ष काढता येतात. सुरुवात करण्याचा अधिकार मतदारांकडे असला म्हणजे निष्क्रिय सभागृहामुळे त्यांची अडवणूक होत नाही. परंतु पैसा व प्रचार यांचा प्रभाव वाढतो. तो अधिकार नगरसेवकांकडे किंवा पंचायत सदस्यांकडे असला म्हणजे उठसूट होणाऱ्या मोहिमांना आळा बसतो. परंतु सदस्य व प्रमुख यांनी हातमिळवणी केल्यास मतदारांच्या हाती काहीच उरत नाही. महाराष्ट्रातील ग्रामसभेला ठराव नाकारता येतो, मात्र स्वतःहून आणता येत नाही, ही या पद्धतीची मर्यादा लक्षात ठेवली पाहिजे.

गावपातळीवर हा प्रश्न अधिक नाजूक आहे. राज्यातील पंचायतींत निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. अनुसूचित जाती, जमाती व मागासवर्गीय सरपंचही मोठ्या संख्येने पदावर येतात. पिढ्यानपिढ्या ज्यांच्या हाती गावचा कारभार होता त्यांना हा बदल सहजासहजी रुचतोच असे नाही, आणि अविश्वासाचा ठराव हे त्यांच्या हातचे सोपे हत्यार बनू शकते. याच जाणिवेतून थेट निवडणुकीच्या आधीच्या काळात, राखीव पदावरील महिला सरपंचाविरुद्धच्या ठरावासाठी दोन-तृतीयांशऐवजी तीन-चतुर्थांश बहुमताची अट घालण्यात आली होती. पहिल्या दोन वर्षांचे संरक्षणही याच दृष्टीने मोलाचे आहे. नवख्या सरपंचाला दप्तर, अंदाजपत्रक व योजना समजून घेण्यासच काही काळ लागतो. तेवढा अवधी न देता त्याच्या कामाचे मोजमाप करणे न्याय्य होणार नाही.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. पाच वर्षे आपल्याला कोणी हलवू शकत नाही, या समजुतीने कारभार करणारा सरपंच गावाचे मोठे नुकसान करू शकतो. त्याला गावापुढे उभे करण्याचा मार्ग कायद्यात असणे आवश्यकच आहे.

संबंधितांचे कर्तव्य

अधिकाऱ्यांच्या दृष्टीने या प्रक्रियेत तपशिलाला अतिशय महत्त्व आहे. नोटिशीचा नमुना, स्वाक्षऱ्यांची खातरजमा, सभेची सूचना प्रत्येक सदस्यापर्यंत पोचल्याचा पुरावा, मतदानाची गुप्तता आणि कार्यवृत्ताची अचूक नोंद यांपैकी एकाही बाबतीत उणीव राहिल्यास वाद जिल्हाधिकाऱ्यांकडे व पुढे न्यायालयात जातो आणि गावचा कारभार रखडतो. पंचायत सदस्यांनी ठरावावर स्वाक्षरी करण्यापूर्वी स्वतःला एक प्रश्न विचारावा : हीच कारणे मी उद्या ग्रामसभेत, साऱ्या गावासमोर, उभा राहून सांगू शकेन काय? शिक्षकांना नागरिकशास्त्राच्या तासाला या विषयाइतके जिवंत उदाहरण दुसरे क्वचितच मिळेल. भरलेली व रिकामी खुर्ची यांच्या साहाय्याने वर्गात मतदान घेऊन हा विषय मुलांना सहज समजावून देता येईल.

प्रतिनिधी परत बोलावणे हा अखेरचा उपाय आहे. ग्रामसभेला नियमित उपस्थित राहणे, जमाखर्च वाचून घेणे, प्रश्न विचारणे आणि माहितीच्या अधिकाराचा उपयोग करणे हे रोजचे उपाय होत. जे गाव हे उपाय निष्ठेने करते, तेथे खुर्ची रिकामी करण्याची वेळ सहसा येत नाही. आणि आलीच, तर तो निर्णय रागाच्या भरात न होता माहितीच्या आधारे होतो. कायद्याने ग्रामसभेच्या हाती गुप्त मतपत्रिका दिली आहे. तिचा उपयोग विचारपूर्वक करण्याची जबाबदारी गावकऱ्यांची आहे.